चतुर्दशीला अकरा वाजता

दमयंती नाखवा रागीट आहे, हे पनवेलच्या त्या कम्युनिटी कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. राग कशाचा, हे विचारायची तसदी मात्र सहा वर्षांत कुणी घेतली नव्हती. ती तासिका तत्त्वावर नेमलेली, म्हणजे घंटा वाजली की परकी. कोळीवाड्यातल्या बावीस बायकांना ती मासळी साफ करणं, बर्फात भरणं, सुकवून पाकिटबंद करणं शिकवायची. स्वतः कोळ्याचीच लेक असल्यामुळे नाकाला रुमाल न लावता शिकवायची.

हा वर्ग एकतीस मार्चला बंद होणार होता. मुंबईची एक संस्था अनुदान देणार होती. ते मिळालं असतं तर वर्ग तीन वर्षं चालला असता, वर सुकवणीचं यंत्रही आलं असतं. अट एकच होती, प्रस्ताव ‘इनोव्हेटिव्ह’ हवा.

दमयंतीने प्रस्ताव लिहिला, चार पानांचा. त्यात नावीन्य म्हणून तिने वर्गाचं वेळापत्रक मांडलं होतं. ह्या बायका करंजाच्या बंदरावर लिलावात मासळी घेतात आणि पनवेलच्या बाजारात विकतात. होड्या भरतीबरोबर आत येतात, आणि भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते. मग रोज अकराला वर्ग ठेवला, तर अर्धा महिना रिकाम्या खुर्च्याच शिकणार. म्हणून तिने कोळ्यांचा जुना हिशेब धरला. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती दुपारी असेल तर वर्ग सकाळी, सकाळी असेल तर दुपारी. असं दोन वर्षं चाललं होतं, आणि बावीसपैकी एकीनेही वर्ग सोडला नव्हता.

प्राचार्यांनी चार पानं चाळली आणि हसले.

“मॅडम, हे काय पंचांग आहे? कमिटी आपल्याला वेड्यात काढेल. ह्यात इनोव्हेशन कुठंय?”

मग भावेश नावाचा सल्लागार आला. त्याने एसीत बसून दोन दिवसांत अडतीस पानं उतरवली. कोळीवाडा त्याने जाताना गाडीच्या काचेतून पाहिला असेल तेवढाच. नावीन्याच्या रकान्यात त्याने चेहरा ओळखून हजेरी घेणारं यंत्र टाकलं. वर्गाची वेळ रोज अकरा ते एक. ते पान वाचताना दमयंतीच्या अंगाची लाही लाही झाली. तरी कसं का असेना, वर्ग वाचू दे, म्हणून तिने तो राग गिळला. ती चूक तिचीच होती, आणि हे तिने पुढे कधी नाकारलं नाही.

प्रस्ताव पहिल्या चाळणीतून सुटला. संस्थेची तपासणी ठरली ती नेमकी चतुर्दशीला, सकाळी अकरा वाजता. दमयंती तडक केबिनमध्ये गेली.

“सर, चतुर्दशीला साडेदहाला भरती असते. बायका करंजाला असतील. तीनची वेळ मागून घ्या.”

“तपासणीला येणाऱ्यांना आपण वेळ सांगायची? प्रपोजलमध्ये अकरा लिहिलंय, अकराच. बायका आणणं हे तुमचं काम.”

त्या संध्याकाळी ती कोळीवाड्यात हौसामावशीकडे गेली. हौसा म्हणजे वर्गातली सगळ्यात थोरली. तिने शब्द टाकला की उरलेल्या एकवीस जणी उठणार. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पानाला चुना लावत म्हणाली, “चवदशीला म्हावरा चांगला येतं, दमे. सोरायचा म्हंजे जिवावर येतं. पन तू सांगतंस तं येऊ. आमी काय एक दिस लिलाव नाय केला तं मरत नाय.”

चतुर्दशीला अकराला पाच कमी असताना दमयंती दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात शिरली आणि दारातच थबकली. बावीस खुर्च्यांवर बावीस पोरी बसल्या होत्या. बी.कॉम.च्या. गॅदरिंगमधल्या कोळीनाचाची लुगडी नेसलेल्या, नाकात चापाच्या नथी. खोलीभर गुलाबाचा फवारा मारलेला. पहिल्या रांगेतली प्रांजल दमयंतीला पाहून खाली बघायला लागली.

“तुमच्या बायकांचा काय भरवसा?” मागून प्राचार्य पुटपुटले. “आता तोंड उघडू नका.”

बायका आल्या नाहीत, असंच दमयंतीला वाटलं. शेवटी लिलावच जवळचा वाटला ना, म्हणून ती मनातल्या मनात हौसावरही चिडली. तेवढ्यात तपासणीच्या झिल्पाबाई रोहेकर आल्या. साठीच्या, कामाला चोख. त्यांनी प्रांजलला विचारलं, “बोंबील पुरता सुकला, हे कसं ओळखतेस?”

प्रांजल गोंधळली. “वासावरून?” मागे कुणीतरी खुदकन हसलं.

दमयंतीने मान फिरवली आणि तिची नजर खिडकीतून खाली गेली. फाटकाबाहेर, उन्हात, बावीस बायका उभ्या होत्या. केसांत अबोलीचे गजरे, अंगावर लग्नकार्यातली लुगडी. एकीकडेही टोपली नव्हती. लिलाव बुडवून आल्या होत्या. आणि वॉचमन हात आडवा धरून त्यांना सांगत होता, “मच्छीवाल्यांनी दुपारी यायचं, मागच्या गेटने. आज पाहुणे आहेत.”

दमयंती धावतच खाली गेली. वॉचमनला बाजूला सारून तिने कडी स्वतःच्या हाताने काढली.

“कवापासना हाव इथं,” हौसा म्हणाली. “साडेधापासना.”

वर्गात शिरल्यावर हौसाने एकेक नथ निरखून पाहिली. मग ती प्रांजलच्या खुर्चीपुढे उभी राहिली.

“ऊठ बाय. ती माजी जागा हाय.”

प्रांजल रडवेली होऊन उठली, तिच्यामागोमाग बाकीच्या पोरीही उठल्या. प्राचार्य पुढे सरसावले, “मॅडम, थोडं मिसअंडरस्टँडिंग झालंय, ही दुसरी बॅच—”

“दुसरी बॅच नाही,” दमयंती ओरडली. “ह्याच खऱ्या. चेहरा ओळखायचं यंत्र मागताय ना? मग हे चेहरे का नाही ओळखले? दोन वर्षं मागच्या गेटने येताहेत त्या!”

झिल्पाबाईंनी सगळं ऐकलं. तिथीचं वेळापत्रकही मागून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग फाइल मिटली.

“हे लिहून पाठवायला हवं होतं.”

“लिहिलं होतं.”

“माझ्यापर्यंत आलेलं नाही, बाई. आला तो हा प्रस्ताव, आणि हा खोटा आहे. मंजूर करता येणार नाही.” त्यांनी सही केली आणि त्या निघून गेल्या. प्राचार्य दमयंतीकडे असं पाहत राहिले, जणू खोटं तीच बोलली होती.

ह्या बायकांचा आजचा लिलावही गेला आणि वर्गही. हौसाकडे बघायची दमयंतीला हिंमत होईना.

“काय बोलली ती?”

“नाही म्हणाली, मावशी.”

हौसा खुर्चीत सावरून बसली. “मंग उभी का? आलो हाव तं शिकव.”

दमयंतीने खडू उचलला. फळ्यावर तिथी लिहिली, चतुर्दशी, आणि खाली भरतीची वेळ. प्राचार्य दारात उभे असतानाच तिने ‘सुकलेला बोंबील कसा ओळखावा’ हा धडा घेतला, आणि गुलाबाच्या त्या वासाने डोकं दुखायला लागलं म्हणून सगळ्या खिडक्या उघडून टाकल्या.

एकतीस मार्चला वर्ग बंद झाला. तोवर तो तिथीप्रमाणेच भरला, आणि त्या दिवसांत एकही बाई गैरहजर नव्हती. सगळ्या पुढच्या गेटने आल्या.