मुका रांजण

रोज सकाळी, वेणी घालण्याआधी, नासारिया रांजणाला कान लावायची. केस मोकळे, एक हात रांजणाच्या गळ्यावर, डोळे मिटलेले. आत मक्याची चिचा फसफसत असली की दूर कुठे कौलांवर भुरभुर पडावी तसा बारीक आवाज येतो. तो ऐकू आला की ती चूल पेटवायला वळायची. तिच्या आणि आमच्या परसामध्ये मातीची एकच भिंत, तीही माझ्या खांद्याइतकी. त्यामुळे हे मी नेहमी पाहत आले.

पहिल्या चिचेच्या वेळी मात्र तिनं कान लावला, तेव्हा आत काहीच नव्हतं.

नासारिया वरची. आमच्या खोऱ्यात मका होतो. वर पठारावर बटाटे, लामांचे कळप आणि वारा. वरचे लोक कडाक्याच्या थंडीत बटाटे उघड्यावर गोठवतात, पायांनी तुडवून त्यांचं पाणी काढतात, आणि ते वाळवून वर्षभर खातात. हे तिला झोपेतही जमलं असतं. चिचा येत नव्हती. मोड आणलेल्या मक्याची ही बिअर आमच्याकडे प्रत्येक घरची सासू करते, आणि हातपाय चालताहेत तोवर सुनेला जवळ येऊ देत नाही. तिची सासू बेनिताही तशीच. लग्न होऊन पोरं शाळेत जायला लागली, तरी नासारियाच्या वाट्याला लाकडं आणणं आणि उरलेला चोथा डुकरांना घालणं एवढंच आलं होतं. मग त्या पावसाळ्यात बेनिताच्या छातीत कफ भरला. शेवटच्या दिवसांत ती कोंबड्यांविषयी बोलली, धाकट्या लेकीच्या नवऱ्याविषयी बोलली. चिचेविषयी नाही.

ऑगस्ट सरला की मक्याची पेरणी. ती इर्जिकीनंच होते. गावातले बैलवाले आज एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. पैसे कुणी घेत नाही. ज्याचं शेत, त्यानं जेवण आणि चिचा द्यायची. पण चिचा बेचव निघाली, तर पुढच्या पेरणीला कुणाचा बैल लंगडतो, कुणाच्या कमरेत उसण भरते. नासारियाच्या नवऱ्याकडे, फाउस्तोकडे, स्वतःचा एकही बैल नव्हता. बेनिताच्या हाताला चव होती, म्हणून त्यांचं शेत कधी पडीक राहिलं नव्हतं.

नासारियानं लांबून पाहिलेलं सगळं आठवून आठवून केलं. मका भिजवला, गवतावर पसरून पाल्यानं झाकला. मोड आले, तेव्हा ते आखूड आहेत की लांब, हे तिला कळेना. फाउस्तोला विचारलं, तर तो म्हणाला, आईचे असेच असायचे; आणि दुसऱ्या दिवशी, ते आणखी वाढल्यावरही, तेच म्हणाला. तिनं मका उन्हात वाळवला, पाट्यावर भरडला, मोठ्या भांड्यात दिवसभर शिजवला. धुरानं डोळे लाल झाले. गाळलेलं पाणी गोड लागत होतं, म्हणजे मोडांचं तरी जमलं होतं. निवल्यावर तिनं ते बेनिताच्या रांजणात ओतलं आणि वर घोंगडी गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी फेस नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिनं रांजण चुलीजवळ ओढला. मग जास्त उष्ण होईल म्हणून लांब सारला. फाउस्तोनं साखर टाकून बघायला सांगितलं. साखर टाकली, पाणी नुसतं अधिक गोड झालं. मग तो म्हणाला की बाजारातून बाटलीतली बिअर आणू. बाटलीतल्या बिअरवर कोण नांगर धरतो, हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही.

आता उरला एकच मार्ग. जुन्या चिचेच्या तळाशी जो दाट साका बसतो, तो नव्या चिचेचं विरजण. त्या आठवड्यात ताजा साका गल्लीत फक्त आमच्याकडे होता. आमच्या दारावर काठीला लाल फडकं असायचं. ते दिसलं की लोक चिचा प्यायला आत यायचे. पण माझी आई कासिल्दा आणि बेनिता पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून भांडल्या होत्या, त्या बेनिता मरेपर्यंत बोलल्या नाहीत. शिवाय आमच्या गावात साका देणारीला इर्जिकीच्या दिवशी पहिला पेला द्यावा लागतो, सगळ्यांच्या देखत. म्हणजे आपल्या घरचा रांजण मेला, हे गावाला सांगणंच ते. फाउस्तोनं बजावलं होतं, कुणाच्याही दारी जा, त्या बाईच्या नको.

नासारिया भरदुपारी आली, गिऱ्हाइकं बसलेली असताना. हातात झाकलेलं भांडं आणि वरून आणलेल्या वाळक्या बटाट्यांची पुरचुंडी.

आई गाळत होती. तिनं मान वर केली नाही. "बेनिताच्या घरचं माणूस माझ्या उंबऱ्यात? वाट चुकलीस का?"

"साका हवा होता, मावशी."

"का? तुझ्या सासूचा रांजण तर कोरडा ठेवला तरी जागा व्हायचा. त्याच्या भिंतीतच होतं सगळं विरजण."

नासारिया म्हणाली, "वापरायच्या आधी मी तो घासला. राखेनं. आतून."

बाकावरचा एकजण हसला. आईनं हातातली टोपली खाली ठेवली.

"आतून?"

"आंबूस वास येत होता. काळा थर होता. मला वाटलं, घाण आहे."

"अगं बये," आई हळूच म्हणाली, "बेनिताला पावसात एकदा पुरलं. तू तिला राखेनं दुसऱ्यांदा पुरलंस."

नासारिया दारातून हलली नाही. भांडं दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. आईनं तिला तसंच बराच वेळ ठेवलं. एका गिऱ्हाइकाचा पेला भरला, दुसऱ्याशी मेंढीच्या खुराविषयी बोलली. मग पुरचुंडी उघडून एक बटाटा दाताखाली धरून पाहिला आणि म्हणाली, "हे तू केलेस? बरे आहेत. आण इकडे ते भांडं."

साका देताना आईनं बजावलं: साखरेला हात लावायचा नाही, रांजण सारखा हलवायचा नाही, आणि आता घासणी त्याच्या आसपासही दिसता कामा नये.

पेरणीच्या दिवशी चिचा जेमतेम जागी झाली होती. बैल जुंपलेले, त्यांच्या शिंगांना फुलं. सगळे नासारियाकडे पाहत होते, आणि फाउस्तो बैलांकडे. पहिला पेला तिनं माझ्या आईच्या हाती दिला. आईनं थोडी धरणीला सांडली, उरलेली एका दमात प्यायली, ओठ पुसले.

"कच्ची आहे," ती म्हणाली. "पण आंबट नाही. ओत सगळ्यांना."

मेलेसियो, ज्याची बैलजोडी गावात सर्वांत तगडी, तोंड वाकडं करून म्हणाला की ही पिऊन कोंबडीही झिंगायची नाही. तरी दुसरा पेला त्यानंच मागितला. ओढ्याकडची एक पट्टी सोडली तर शेत पेरून झालं. संध्याकाळी बरेचजण नीट काहीतरी प्यायला आमच्याकडे आले आणि नासारियाच्या चिचेला नावं ठेवत बसले. आईनं एकदा ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा म्हणाली, "तुझ्या आईची पहिली मी प्यायलेय, मेलेसियो. मला बोलायला लावू नकोस."

पुढच्या वर्षी काही बैल आले नाहीत. मेलेसियोचे आले. ओढ्याकडची पट्टीही पेरली गेली.

त्यानंतर नासारियानं किती चिचा केली, ते रांजणाच्या भिंतीला ठाऊक. तिनं दारावर लाल फडकं कधी लावलं नाही. घरच्यापुरती आणि इर्जिकीपुरती करायची. बेनिताची चव तिच्या हाताला कधीच आली नाही, असं फाउस्तो म्हणायचा, आणि पेला पुढे करायचा. मी शिकायला शहरात गेले. सुट्टीत यायचे, तेव्हा भिंतीपलीकडे ती तशीच, केस मोकळे, कान रांजणाला.

गेल्या मे महिन्यात वासरानं लाथ मारून आमचा रांजण फोडला. आई आता फारशी चालत नाही. मी सुट्टीत घरी होते, तिनं मला नासारियाकडे साका आणायला पाठवलं. नासारियानं काही विचारलं नाही, आमच्या जुन्या भांडणांविषयी नाही की माझ्या नोकरीविषयी. हात धुतले, पळी घातली, भांडं भरून दिलं. ती खोकत होती. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊन ये. तिनं मान डोलावली. जूनमध्ये ती गेली, तेव्हा मी शहरात होते.

मी त्या दिवशी भांडं घेऊन निघाले, तेव्हा ती दारापर्यंत आली. तिनं रस्त्यावरच्या माणसांकडे पाहिलं.

"झाकून ने गं," ती म्हणाली. "धूळ उडतेय."