ओटा, ओळंबा आणि कुंकू

हसायचं ते आत्ताच हसून घ्या मंडळी, पुढं माझीच फजिती हाय!

जवळा बाजार ह्या आमच्या गावात, आमच्या घराला लागून किसनचं दुकान. त्याला तिथं तळघर काढायचं खूळ लागलं. आमची काळी माती भिजली की नुसतं लोणी! म्हणून खड्ड्याच्या कडेला, माती दाबून धरायला, लोखंडी पत्र्याची भिंत ठोकली. भिंतीच्या मागं लगेच आमचा ओटा.

ओटा कसला, सिंहासन! मिसरूड फुटल्यापासून मी आन् माझा दोस्त दगडूबा तिथंच. बाजाराच्या दिवशी ह्याच्या पिशवीतली वांगी त्याच्या पिशवीत घालायची आन् भांडण बघत बसायचं. काय दिवस होते, राव!

हिंगोलीहून इंजिनिअर बाई यायच्या. भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा, म्हंजी दोरीला बांधलेलं वजन, खाली सोडायच्या. खाली दगडावर त्यांची लाल खूण. ओळंबा खुणेवर आला तर भिंत सरळ, न्हाई तर झुकली!

माझे हात शिवशिवले. मजूर भाकर खायला गेले, मी शिडीनं खाली. खूण पुसली आन् बायकोच्या डबीतल्या कुंकवानं भिंतीकडं सरकवून नवी काढली.

बाईंनी ओळंबा सोडला आन् ओरडल्याच. "भिंत झुकून राहिली! सगळे वर या!"

मी ओट्यावर दगडूबाला कोपर मारून खिदळून राहिलो.

"आता काय करावं म्हन्ता म्याडम?" किसन रडकुंडीला.

"भिंतीमागचा भार काढा. आत्ताच्या आत्ता."

"कोनता भार?"

बाईंनी बोट केलं. थेट माझ्याकडं! "हा ओटा."

माझं खिदळणं तिथंच थांबलं की!

"बाई, नीट बघा! भिंत सरळ हाय!"

"तुम्हाला काय माहीत, आप्पा?"

आता काय सांगू? कुंकू लावलं म्हणून? सारा बाजार गोळा झालेला!

किसननं हात जोडले. "आप्पा, खाली मानसं राबतेत. कुनाचा जीव गेला तर?"

मी ओट्यावरून उठलो. पहारी पडल्या. शेवटचा दगड निघाला, तवा बायको दारात.

"अवो, माझं कुंकू काहून सांडलं? आन् तुमची बोटं लाल कशी?"

बाईंनी दगडावरची खूण पाहिली. मग माझी बोटं. दगडूबा तर हसून हसून मातीत लोळला!

आता आमी दोघं तेलाच्या रिकाम्या डब्यांवर बसतो. बाजारात काही सरकलं, सांडलं, हरवलं की एकच आरोळी, "आप्पा, बोटं दाखवा!"

परवा तर माझ्याच पिशवीतली वांगी गेली. तरी बोटं मलाच दाखवावी लागली!