दस्तगीर मिस्त्रींचा काटा

दस्तगीर मिस्त्रींचं नाव आधी घेतो, मग काय झालं ते सांगतो. माझी कमल आज चौथीत आहे, दप्तर घेऊन धावत शाळेला जाते, ती त्यांच्यामुळं. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. लिहिण्यात चुका होतील. पण मिस्त्रींबद्दल लिहील असं दुसरं कुणी आता उरलेलं नाही.

दुष्काळाच्या वर्षी बायको आणि तान्ही मुलगी घेऊन मी बीडकडून कोल्हापूरला आलो. ओळखीचं कुणी नव्हतं. हुपरीच्या रस्त्याला, उसाच्या रानात, पत्र्याची एक शेड होती, तिथं काम मिळालं. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या तिथं फोडायच्या, आतलं शिसं भट्टीत वितळवायचं आणि त्याच्या लगडी ओतायच्या. त्या लगडींच्या पुन्हा नव्या बॅटऱ्या व्हायच्या. पहिल्या दिवशी भट्टीजवळून एक उंच, वाळका, भुवया झडलेला माणूस पुढं आला. मी नमस्कार केला. तेच मिस्त्री. त्यांनी नावही विचारलं नाही.

"चढा काट्यावर, पावणं."

मला वाटलं, चेष्टा चाललीय. पण त्यांनी खरोखर मला भंगाराच्या काट्यावर उभं केलं, वजन बघितलं आणि भिंतीवर कोळशानं रेघ मारली. मग सुमनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या कडेवरची कमल अलगद घेतली, लहान तराजूच्या पारड्यात बसवली आणि तिचीही रेघ मारली. "पंधरा दिसाला हिला आणायची," म्हणाले.

मिस्त्रींना अक्षर येत नव्हतं. भिंत हीच त्यांची वही. डाव्या बाजूला आत आलेल्या मालाच्या रेघा, उजव्या बाजूला बाहेर गेलेल्या लगडींच्या, खाली राखेच्या आणि मळाच्या. वीस वर्षं त्यांनी हुपरीत चांदीच्या कारखान्यात काढली होती. तिथं जमिनीवरची धूळसुद्धा झाडून ठेवतात आणि आटवून तिच्यातली चांदी काढतात. ती सवय हाडात मुरलेली. "आत आलं त्ये भाईर कुठं गेलं, एवढंच इचारायचं. दुसरं काय शिक्षाण लागत न्हाय, पावणं." दोन वर्षांत त्यांनी मला 'पावणं' सोडून दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

मालक हौशी. कुणी बघायला आलं की छाती फुगवून सांगायचे, "आमच्याकडं काय वाया जात न्हाय. जुन्याचं नवं, नव्याचं जुनं, परत नवं. चाक फिरतंय नुसतं." मिस्त्री पाठमोरे राहून म्हणायचे, "फिरतंय खरं. पर फिरताना सांडतंय किती, त्ये कोण बघतंय?" मालक हसायचे. मिस्त्रींच्या बोलण्याला ते म्हाताऱ्याची खोड समजत.

दुपारी गूळ मिळायचा. धुराच्या कामावर गूळ खाल्ला की धूर छातीत बसत नाही, अशी सगळ्यांची खात्री. मिस्त्री डब्यातून आपल्या काळ्या हातानं खडा काढून आमच्या काळ्या हातावर ठेवायचे. सुमन रोज कमलला घेऊन यायची, तिच्याही तोंडात एक. ती त्यांना लांबून बघूनच 'आ' करायची. सुमन म्हणायची, "आमच्या घरीसुद्धा हिचे एवढे लाड झाले नसते."

आम्ही शेडच्या मागच्या खोलीत राहत होतो, धुराड्याच्या खालीच. पाणी विहिरीचं. पहिलं वर्ष बरं गेलं. मग काही गोष्टी नजरेला यायला लागल्या. शेडवर चिमण्या बसेनाशा झाल्या. पलीकडच्या मळ्यातली म्हैस गोल गोल फिरून पडली आणि उठली नाही. मिस्त्रींच्या हातून चहाचा कप निसटला. "हात रुसलाय," म्हणून त्यांनी दुसऱ्या हातानं तुकडे गोळा केले. कमल पोट धरून रडायची. 'आई', 'पाणी' एवढं बोलायला लागली होती, तेही बोलेनाशी झाली. आणि भिंतीवरची तिची रेघ एकाच जागी थांबली. एकदा थांबली, दोनदा थांबली. मिस्त्री त्या रेघेवरून बोट फिरवत राहायचे. त्याचीच मला धास्ती वाटायची.

त्याच सुमाराला मालकांच्या लक्षात आलं की लगडी कमी पडतायत. जेवढा माल आत येतो त्या मानानं बाहेर जात नाही. शेडमध्ये राहणारा मी एकटा, त्यातून परमुलखातला.

"मिस्त्री, चोर लांब न्हाय," मालक माझ्याकडं बघून म्हणाले. "पोलिसात दितो ह्येला."

सुमन दारात कमलला घट्ट धरून उभी होती.

"आठ दिस थांबा, मालक," मिस्त्री म्हणाले. "पावण्यानं न्हेलं आसंल तर मीच हुडकून दितो. कमी पडतंय ह्ये मलाबी दिसतंय की. माझी भिंत काय आंधळी हाय व्हय?"

आठ दिवस त्यांनी मला भट्टीला हात लावू दिला नाही. शेडच्या दाराशी स्वतः बसले. लगडी, राख, फुटक्या बॅटऱ्यांची टरफलं, सगळं काट्यावर. नवव्या दिवशी त्यांनी रेघा लावून बघितल्या. तरीही कमीच. मालक म्हणाले, "मग आता?" मिस्त्रींनी वर पत्र्याकडं बघितलं. मग म्हणाले, "पावणं, शिडी आना. आन् मऊ कुंचा."

भर दुपारी ते तापलेल्या पत्र्यावर चढले. कुंच्यानं पत्रा झाडला. करडी, पिठासारखी धूळ, अर्धी बादली भरली. ती त्यांनी कोळशाच्या भुकटीत मिसळून मुशीत घातली आणि भट्टीत सारली. थोड्या वेळानं मूस ओतली. जमिनीवर चकचकीत शिसं पसरलं.

"ह्यो बगा तुमचा चोर," मिस्त्री म्हणाले.

मी वाचलो, या आनंदात मला दुसरं काही सुचलं नाही. मालक तर खूषच झाले. "आयला, मिस्त्री! मग रोज पत्रा झाडायचा. त्येबी भट्टीत घालू. एवढाबी माल वाया जायला नगं!"

मिस्त्रींचा आवाज एकदम खाली गेला. "पत्रा झाडता येतोय, मालक. हिरीचं पानी कसं झाडायचं? उसाचा पाला कसा झाडायचा? त्या पोरीचं प्वाट कसं झाडायचं?"

मग त्यांनी स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला. काळा, करड्या भुकटीनं माखलेला. गुळाच्या डब्याकडं बघितलं. "मीच की वो भरवलं तिला," म्हणाले. "रोज. ह्याच हातानं." डबा उचलून बाहेर गेले आणि गूळ खड्ड्यात पुरून आले. त्या दिवशी त्यांनी कुठल्याच वस्तूचं वजन केलं नाही.

दुसऱ्या दिवशी कमलला खांद्यावर घेऊन तेच आम्हाला शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी तिला तपासलं, मग माझा ओठ वर करून हिरड्या बघितल्या. निळी रेघ होती, शिसं अंगात भिनल्याची खूण. "राहता कुठं? आजच्या आज तिथून हला," म्हणाले. मिस्त्रींनी शेडवर परतूच दिलं नाही. आमची ट्रंक आणि भांडी त्यांनीच आणली, इचलकरंजीला जाणाऱ्या गाडीत टाकली. तिथं त्यांच्या भाच्याच्या ओळखीनं मला कापडाच्या मागावर काम मिळालं.

"तुम्हीही चला की," मी म्हणालो.

"मी आलो तर भिंतीवर रेघ कोन मारणार? नवा मिस्त्री ईल, त्येला वर बघायचं म्हाईत नसंल."

दोन वर्षांनी आम्ही त्यांना हुपरीला भेटायला गेलो. दोन्ही हात मनगटापासून लोंबत होते. सुमननं बशीतून चहा पाजला. मी शेडचं विचारलं. "धुराडं उंच केलंय," मिस्त्री म्हणाले. "पत्र्यावर आता काय पडत न्हाय. लांब कुणाच्या तरी ताटात पडत आसंल."

कमल तोवर बोलायला लागली होती. उशिरा, अडखळत, पण बोलायची. ती आपणहून त्यांच्या मांडीवर जाऊन बसली आणि सवयीनं 'आ' केला. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. मांडीवरचा भार जोखत राहिले. मग म्हणाले, "वाढलीया की वो, पावणं." त्याच वर्षी ते गेले.

कमलला अजून पाढे लक्षात राहत नाहीत. गुरुजी म्हणतात, लक्ष देत नाही. मला भिंतीवरची ती थांबलेली रेघ आठवते.

आता आमच्या चाळीच्या मागं, मागांच्या शेडपलीकडं, एक नवी शेड उभी राहिलीय. जुन्या बॅटऱ्यांचे ट्रक येतात. बायका वाळत घातलेले कपडे झटकतात तेव्हा करडं पीठ उडतं. त्या शेडच्या आवारात एक नवं बिऱ्हाड आलंय, आमच्यासारखंच लांबचं. त्यांच्या दारात एक पोर रांगतं. मी मऊ कुंचा विकत आणून ठेवलाय. शिडी कुणाची मागायची तेही ठरलंय. पण शेडचा मालक आणि आमच्या मागांचा मालक भाऊ भाऊ. काम गेलं तर जाणार कुठं, या भीतीनं पाय उचलत नाही. रोज त्या पत्र्याकडं बघतो आणि खाली मान घालून कामाला जातो.

मिस्त्री, तुम्ही माझ्यासाठी तापल्या पत्र्यावर चढलात. ते तुमचं देणं माझ्यावर आहे. एक दिवस मी त्या पत्र्यावर चढेन आणि त्या पोराच्या बापाला ती धूळ आटवून दाखवीन. तुमचं फेडीन, मिस्त्री. तेवढं ते पोर बोलायचं थांबायच्या आत व्हायला हवं.