अर्ध्या विहिरीत शिकलेली पलटी

पोरींनो, आज मीच तुमच्याकडे आलेय, जरा जवळ येऊन बसा बघू. वन्सं गेल्याचं कळल्यावर मोबाईलवर हात जोडलेली चित्रं भराभर पाठवलीत, आणि मळ्यावर यायला एकीलाही जमलं नाही होय? रागावत नाही, पण बोलल्याशिवाय राहवतही नाही. तुम्हाला दोरावरून उतरायला शिकवणाऱ्या तुमच्या बाई म्हणजे माझी नणंद. पाच आठवडे झाले...

बातमी आली तेव्हा मी मखमलाबादच्या आमच्या मळ्यात झेंडू तोडत होते. वन्संच्या शेजारणीचा फोन आला, झोपेतच गेल्या म्हणाली. टोपली खाली ठेवायचं भानच राहिलं नाही, तशीच कडेवर घेऊन रिक्षात बसले. त्यांच्या पायाशी ती अख्खी टोपली रिकामी केली, तेव्हा कुठं रडू आलं.

शाळेत खेळाच्या बाई होत्या. लग्न केलं नाही, सुट्टी लागली की मेघालयात गुहा बघायला पळायच्या. परतल्या की ओटीवर हे एवढे चिखलाचे बूट! सासूबाई म्हणायच्या, "लोक देव बघायला जातात, ही बिळं बघायला जाती." वन्सं हसून म्हणायच्या, "आई, बिळात गारवा लय असतो, चल एकदा."

रिटायर झाल्यावर त्यांनी मळ्यातल्या कोरड्या विहिरीवर दोर बांधला आणि बायकांना शिकवायला लागल्या. मला म्हणाल्या, "वहिनी, भाकरी थापून हात एवढे मजबूत झालेत, नुसते वाया घालवणार का?" मी तेव्हा एकोणसाठची! पण पेठकडच्या डोंगरातली विहिरीसारखी उभी गुहा दाखवायचं त्यांनी कबूल केलं होतं. अट एकच : अर्ध्या दोरावर चढणं थांबवून तिथूनच उतरायला लागता आलं पाहिजे. ही पलटी जमली नाही तर गुहा नाही. आणि मला तर जायचंच होतं, जन्मात एकदा आमच्या यांच्याशिवाय कुठंतरी.

चढताना दोन पकडी असतात, एक छातीवर, एक हातात. हातातल्या पकडीपासून एक पट्टा कमरेला बांधलेला आणि पाय घालायला एक फास लोंबत असतो. त्या दोरावर वर सरकतात, अंगाचा भार असेपर्यंत खाली येत नाहीत. उतरायचं तर छातीच्या पकडीखाली दोरात उतरणीचं यंत्र घालून, दोर सरकू नये म्हणून त्याला कुलूप घालायचं, मग पायाच्या फासात उभं राहून छातीची पकड सोडायची आणि हळूच यंत्रावर बसायचं. मी सगळं केलं. फक्त शहाणपणा करून हातातली पकड आधीच हातभर वर सरकवून ठेवली होती. बसायला गेले, तर त्या पकडीच्या पट्ट्यालाच लटकले! यंत्रावर भारच येईना. वर जाता येईना, खाली येता येईना.

विहिरीच्या काठावरून हे ओरडले, "अगं, ओढू का वर?"

तळातून वन्संचा आवाज आला, "दादा, दोराला हात लावशील तर बघ! वहिनी, कुठं चुकलं, तुम्हीच सांगा."

"चुकलं माझं कपाळ! उतरवा मला!"

"पाय कुठंय?"

"फासात..."

"मग उभ्या राहा की."

उभी राहिले. छातीची पकड पुन्हा लावली, हातातली खाली आणली, नाकाच्या उंचीला. परत उभी, परत पकड सोडली, आणि बसले. यंत्र जरासं करकरलं आणि माझा सगळा भार त्यानं घेतला... अशी खुर्ची मला आयुष्यात कुणी दिली नव्हती. कुलूप काढून एक एक हात करत तळाला टेकले, तर वन्सं म्हणाल्या, "पलटी चांगली. शिव्या त्याहून चांगल्या."

गुहा पाहिली मी. तळाशी बॅटरीच्या उजेडात दोघींनी ठेचा-भाकरी खाल्ली. इतकं हसलो की वरून पाखरं उडाली.

आता फुलांच्या शेडमध्ये खिळ्याला वन्संचा दोरावर चढायचा कमरपट्टा लटकलाय. परवा मी तो लावून बघितला. बक्कल चार बोटं सैल करावी लागली, पण बसला. विहिरीवरचा दोर हातभर-हातभर चाचपून बघितला, कुठं पिंजलेला नाही. तुम्हाला वाटत असेल, बाई गेल्या म्हणजे वर्ग संपला. का गं? पलटी मला येते. चुकते कुठं तेही मला ठाऊक आहे, तुमच्यापेक्षा जास्त. तेव्हा फोन नको, चित्रं नको. या रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत या. भाकरी मी थापून ठेवते.