पत्र्याला हात लावून बघते

ओल्या सारवणाचा वास आला की आजबी माझे हातपाय गार पडतात. तवा तुराट्यांचा कूड काढून पत्र्याची भिंत करायची व्हती, मिस्त्री उद्या येणार, म्हणून ह्यांनी माप बघायला एक पत्रा कुडाला टेकवून विटांवर उभा केला, आन् मी जमीन सारवता सारवता त्याला हात लावला तर कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या, कारण बल्बाची वायर त्याच कुडातून गेलेली. मी वरडले, "अवो, पत्र्यात करंट हाय!" हे चपलांसकट आत आले, पत्र्यावर थाप मारली आन् हसले, "कुठंय? मला तर काईच न्हाई होऊन राहिलं." सासूबाई म्हणल्या, "सातवी शिकली आन् लाईटवाली झाली!" माझं लेकरू तवा भिंत धरून उभं राहायला शिकून राहिलं व्हतं, ते रांगत पत्र्याकडंच निघालं, मी त्याला छातीशी आवळलं, "आधी वायर काढा, न्हाईतर मी माहेरी चालले." "थांब, परत दाखवतो," म्हणत हे चिडून वळले, तशा सासूबाई वरडल्या, "अरे, सारवलेल्यावर चपला काहून? काढ आधी!" ह्यांनी चपला काढल्या, ओल्या जमिनीवर अनवाणी आले, हात लावला आन् मागच्या मागं पडले. हे हात चोळत उठून बसले, सासूबाईंनी माझ्याकडून लेकरू घेतलं आन् घट्ट धरलं. आता वायर पाईपातून गेली, पोरगं पत्रा वाजवत पळतं, पण रोज ते उठायच्या आधी मी अनवाणी जाऊन पत्र्याला हात लावून बघते.