करंटचा सा

गाताना माइकला ओठ लागले की त्याला शॉक बसायचा, तरी तो मागे सरत नसे. म्हणून आम्ही त्याला करंट म्हणायचो.

लालबागच्या बँजो पार्टीत तो कीबोर्ड वाजवायचा. मग चोरबाजारातून खेळण्यातला एक कीबोर्ड आणून त्यानं तो उघडला, तारा उलटसुलट जोडल्या आणि वेग कमीजास्त करायला आईच्या शिलाई मशीनचं पायडल लावलं. पंक, म्हणजे छोटी, ओरडून गायची बंडखोर गाणी, हा शब्द परळमध्ये कुणाला ठाऊक नव्हता, तेव्हा हा गिरणीच्या भोंग्यावर आणि नळाच्या पाण्यावर दीड-दोन मिनिटांची गाणी ओरडत होता. शेजारच्या मावशी दारात येऊन म्हणायच्या, ‘‘मेल्या, चाळ जाळतलस एक दिवस!’’

‘‘मावशी, पहिली तुम्हाला हाक मारीन!’’

त्याची पद्धत ठरलेली. आधी नुसता अॅम्प्लिफायर सुरू करायचा. चाळीचं वायरिंग जुनं, आर्थिंग नावालाही नाही. त्यामुळे आतून जाड घूंऽऽ असा आवाज येई. डोळे मिटून तो त्यात आपला आवाज मिळवायचा. ‘‘हा आपला सा. लोक तानपुरा विकत घेतात, आपल्याला चाळ फुकट देते.’’ पाण्याचा पंप लागला की विजेचा दाब उतरे, घूंऽऽ दबे, कीबोर्डचा सूर खाली येई, आणि करंटही त्याच्यासोबत खाली उतरे. दादरच्या एका कॉलेजात आयोजकांनी मध्येच वीज तोडली, तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘‘सा गेला.’’ आम्ही हसलो. मीही.

मी प्रभादेवीच्या एका स्टुडिओत कामाला होतो. त्याची गाणी जगानं नीट ऐकावीत, म्हणून त्याच्या खोलीत बसून ती रेकॉर्ड केली. मग स्टुडिओत आठवडाभर खपून ती घूंऽऽ मुळापासून काढली. मूळ प्रत ठेवावी, असं मला वाटलंसुद्धा नाही.

करंटनं हेडफोन लावून सगळं ऐकलं. हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला.

‘‘छान आहे रे. एकदम स्वच्छ. पण यात मी कुणाबरोबर गातोय?’’

त्यानंतर त्यानं रेकॉर्डिंग केलं नाही. त्यावरून मला कधी बोल लावला नाही. भेटला की चहा पाजायचा.

करंट गेला. त्याच्या आधी चाळ गेली. तशी घूंऽऽ मी दुसरीकडून रेकॉर्ड करून आणून गाण्यांखाली लावून पाहिली, पण ती पंपाबरोबर दबत नाही. आता मुलं फोनवर त्याची गाणी ऐकतात आणि मला सांगतात, ‘‘काका, माणूस भारी होता. जरा बेसूर होता, एवढंच.’’

तो सुरातच होता. सूर मी कापला.