दोनदा चाळायची माती

सत्तर सालानंतरची ती वर्षं आठवली की मला आधी कंबर आठवते. मंगरूळपीरजवळच्या एका खेड्यात, कुंभाराच्या घरी मी सून म्हणून आले होते. चाकावर बसायचे सासरे. आव्याला, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीला, सरपण आणायचा नवरा. उरलेलं सगळं माझं, आणि उरलेलंच जास्त असायचं. माती खणायची, गाढवावरून आणायची, कुटायची, चाळायची, लीद आणि राख घालून पायांनी तुडवायची. सासूबाई होत्या तोवर चाळणी त्यांच्या हाती होती. त्या गेल्या आणि ती माझ्याकडे आली.

बाजारात जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी येऊन बसली होती, तरी अक्षय तृतीयेला गिऱ्हाईक आमच्याच दारी यायचं. त्या दिवशी घरोघरी वारलेल्या माणसांच्या नावानं पाणी भरून ठेवतात आणि त्याला मातीची कोरी घागरच लागते.

त्या वर्षी तळ्यातलं पाणी उशिरापर्यंत हटलं नाही, म्हणून आम्ही नाल्याकाठची माती आणली. सासऱ्यांनी ती चिमटीत चोळून पाहिली.

"हे माती दोनदा चाळजो, बाई. चुनखडी हाये हिच्यात."

मला सहावा महिना होता. एकदा चाळता चाळताच पाठ मोडून आली. ढीग पाहून मला रडू आलं आणि रागही आला, सगळ्यांचाच. दुसऱ्यांदा मी चाळणीला हात लावला नाही. संध्याकाळी सासऱ्यांनी विचारलं, "चाळली काय दोनदा?" मी म्हटलं, "हो, मामाजी."

घागरी छान लाल भाजून निघाल्या. टिचकी मारली की खणखणत होत्या. सणाच्या आदल्या दिवशी सगळ्या खपल्या. मला वाटलं, उगीचच धाक घालतात ही म्हातारी माणसं.

सणाच्या दिवशी दुपारी मागच्या आळीतली एक बाई रिकामी घागर घेऊन आली. हिवाळ्यात तिचा नवरा गेला होता. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"आज त्याइचं पयलं पानी होतं, बाबा," ती म्हणाली. "ताटापाशी ठेवलं अन् सारं वाहून गेलं. ते तहानलेलेच राह्यले का?"

घागरीच्या पोटाला बोराएवढा टवका उडाला होता. सासऱ्यांनी त्यात बोट घातलं आणि बाहेर काढून पाहिलं. बोटाला पांढरी भुकटी लागली होती. भाजलेला चुनखडीचा खडा पाणी प्यायला की फुगतो आणि मडकं फोडून बाहेर येतो, हे कुंभाराच्या घरात कोणाला सांगावं लागत नाही. त्यांनी बोट धोतराला पुसलं. माझ्याकडे पाहिलंही नाही.

"माही चूक हाये, बाई. आवा कच्चा राह्यला," ते तिला म्हणाले.

मग आत गेले. सासूबाईंच्या नावानं भरायची म्हणून त्यांनी मागच्या आव्यातली, तळ्याच्या मातीची एक घागर जपून ठेवली होती. ती आणून तिच्या हातात दिली. सासूबाईंचं पाणी त्या वर्षी आम्ही तांब्यात ठेवलं. मी समोर उभी होते. तोंड उघडायला हवं होतं, उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आले, तर सासरे चाळणी घेऊन बसले होते. त्या वयात, उकिडवे.

"तू बस, बाई. तुले जमत नाई आता. मी चाळतो."

रोज मनात मागत होते तो आराम मला असा मिळाला. मी ओसरीवर बसून त्यांच्या चाळणीचा आवाज ऐकत राहिले आणि कंबरेची कळ काही केल्या थांबेना.

मूल झालं, रांगायला लागलं, तेव्हा मी आपणहून चाळणी मागितली. "राहू दे, बाई," म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी माफी तरी मागितली असती.